गावच्या शिंप्याची लेव्हल

मी अकोल्याला सरकी काढायच्या जिनात कामाला होतो तेव्हा घरी येऊन सदरा झटकला की कोपऱ्यात कापूस जमायचा. कोणी मुद्दाम गोळा करत नाही, तो आपला साचत जातो. आमच्या रविवारच्या खेळाचे किस्सेही तसेच साचले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जसे आठवतात तसे सांगतो.

खेळ आणला माझ्या नातीनं, प्रज्ञानं. ती अमरावतीला नोकरी करते, रविवारी घरी येते. तिचे खेळणारे मित्र सगळे पुण्याला गेले. मग तिनं आम्हाला धरलं. मी, एसटीचे रिटायर ड्रायव्हर नामदेवभाऊ आणि गफूरभाई टेलर. गफूरभाईंचे हात थरथरायला लागले होते, त्यामुळे दुकान नुकतंच बंद केलेलं. टेप मात्र गळ्यात तसाच!

खेळात एक जुन्या काळचं गाव असतं. राक्षस असतात, जादू असते. आपण त्यातला एक माणूस व्हायचं. काही करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. माणूस जितका अनुभवी तितकी त्याची लेव्हल मोठी, आणि ती फाशाच्या आकड्यात मिळवायची. बेरीज मोठी आली की काम जमलं. पण पूर्ण वीस पडला, तर काम झालंच, लेव्हल कोणी विचारत नाही.

"चला, कोण कोण हिरो बनते?" प्रज्ञानं विचारलं.

एकही तयार होईना! भाऊ म्हणाले, मी गाडीवान. गफूरभाई म्हणाले, मी शिंपी. मी वेशीवरचा राखणदार झालो. गावाचं नाव काहीतरी इंग्रजी होतं. भाऊंनी बसची पाटी बदलावी तसं ते बदलून 'हिवरखेड' करून टाकलं.

खेळ प्रज्ञाच चालवायची, आणि हिरोही शेवटी तिलाच व्हावं लागलं.

*

पहिलं भांडण लेव्हलवरून झालं. प्रज्ञा म्हणाली, "गावातले साधे लोक सगळे लेव्हल एक."

"काहून?" भाऊ उखडले. "गाडीवानाले पाच तरी पाहिजे."

"भाऊआजोबा, लेव्हल राक्षस मारून वाढते. तुमी कोनाले मारलं काय?"

"अवं पोरी, अख्खी नोकरी गाडी चालवली, एकालेबी मारलं नाही! त्याची लेव्हल नाही काय?"

प्रज्ञानं त्यांना तिथल्या तिथं सहा दिली.

*

एकदा हिरो धावत वेशीवर आली. "राक्षस कुठं गेला, लवकर सांगा!"

मी राखणदार. विचारलं, "कोनाचे पावने?"

"आबाजी, मी गाव वाचवायला आली आहे!"

"वाचव ना. पन कोनाची तू?"

तेवढ्यात गफूरभाईंनी आपल्या दुकानातून आवाज दिला, "बेटी, पहले चाय पी. उभ्या उभ्या नको जाऊ."

ती बसली. चहा झाला. भाऊंना तिच्या मामाचं गाव ओळखीचं निघालं.

राक्षस कंटाळून निघून गेला!

*

माझी बायको सुमन स्वयंपाकघरातून सगळं ऐकायची. खेळात कधी बसली नाही. एक दिवस पोह्यांच्या प्लेटा ठेवता ठेवता म्हणाली, "तुमच्या त्या गावात बाया नाहीत काय?"

आम्ही तिघंही प्रज्ञाकडे पाहू लागलो. तिनं लोहार, वैद्य, पाटील, सगळे पुरुष केले होते.

"मंग ते गाव एवढे दिवस चालून कसं राहिलं?" सुमन म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या रविवारी वैद्य बाई झाली, लेव्हल नऊ. गावात तिच्यावर कोणी नव्हतं.

*

गफूरभाईंना फासा हातात धरून हलवावा लागत नसे. भाऊ म्हणायचे, "ह्याचा फासा आपोआपच हलते!"

गफूरभाई सगळ्यात मोठ्यानं हसायचे.

*

लेव्हलची भांडणं फार झाली तेव्हा प्रज्ञानं नियम केला. आपली लेव्हल आपण सांगायची नाही, बाकीच्यांनी सांगायची.

भाऊंनी माझी सांगितली. "हा मानूस ड्युटीवर झोपते. पन कुत्रं भुकलं का पयले हाच उठते. पाच!"

मग शिंप्याची पाळी आली. आम्ही तोंड उघडायच्या आधीच गफूरभाई म्हणाले, "झिरो लिख, बेटा. सुईत धागा जात नाही, तो कायचा शिंपी?"

यावेळी कोणी हसलं नाही. भाऊ आठ म्हणाले, मी दहा म्हणालो. गफूरभाई मान हलवत राहिले. "नियम अपनी जगह. मले माहीत हाय ना."

प्रज्ञानं काहीच लिहिलं नाही. म्हणाली, "नंतर पाहू, चाचा."

*

गफूरभाईंच्या मुलानं त्यांना कायमचं नागपूरला बोलावलं. तो त्यांचा शेवटचा रविवार.

त्या दिवशी राक्षस हिवरखेडात शिरला. भाऊंनी अख्खं गाव बैलगाडीत भरलं. "मागं सरका, मागं जागा हाय!" मी वेस उघडून दिली आणि गाडीमागं पळालो.

प्रज्ञा म्हणाली, "चाचा, गाव रिकामं झालं. राक्षस तुमच्या दुकानासमोर उभा आहे. शिंपी काय करतो?"

गफूरभाईंनी गळ्यातला टेप काढला.

"त्याले सांग, हात वर कर. नाप घेतो."

"अबे, कायचं नाप?" भाऊ ओरडले.

"इतना बडा हाय, अन् अंगावर सदरा नाही. चिडचिड करन नाही तं काय करन?"

प्रज्ञा खाली पाहून म्हणाली, "फासा टाका."

गफूरभाईंनी टाकला. फासा प्लेटीला लागून उडाला आणि घरंगळत दिवाणाखाली गेला. खाली पडला तर वाकून आकडा पाहायचा, असा आमचा नियम होता. कोणी वाकलं नाही.

"कित्ता आला?" गफूरभाईंनी विचारलं.

"वीस," भाऊ म्हणाले.

"वीस," मी म्हणालो.

"वीसच हाय!" स्वयंपाकघरातून सुमन ओरडली.

प्रज्ञा म्हणाली, "राक्षसानं हात वर केले."

गफूरभाईंना नागपूरला जाऊन बरेच दिवस झाले. सुमन रोज दिवाणाखाली झाडू घालते. फाशाच्या भोवतीनं झाडते.