फाटलेला मांडा
मांडे भाजायच्या तापलेल्या खापराचा वास आला की मला एकोणीसशे सत्तरच्या आसपासची अमळनेरची ती आखाजी, आमची अक्षय्य तृतीया, आठवते. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून काकू नुकतीच मुंबईहून परतली होती. गल्लीतले पुरणाचे मांडे दरवर्षी तीच करायची, पण हा रोग हाताने लागतो म्हणत शेजारणीने तिला चुलीपासून लांब बसवलं. आईने पुरण भरलेला उंडा काकूच्या पुढ्यात ठेवला. शेजारीण म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तिले जमाव नही." काकू म्हणाली, "बिमारी गयी, हात शेतस ना आजून." आजाराने हात काही नेले नव्हते; ती मांडा हातांवर फिरवत वाढवू लागली, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना आणि मांडा फाटला. आईने तो तसाच खापरावर भाजला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. दुसराही फाटला. तिसरा मात्र पातळ, अखंड उतरला, तेव्हा शेजारणीने ताट पुढे केलं. आईने त्यात दुसरा, फाटलेला मांडा वाढला आणि म्हणाली, "पहिले फाटेल खाय." शेजारणीने खाली मान घालून तो खाल्ला. यंदा माझंही तेच ऑपरेशन झालं. सून म्हणाली, "आई, या आखाजीला मांडे नकोत." मी म्हटलं, "खापर ठेव चुलीवर."