पाठ लागली का रं?

एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या वर्षांत आम्ही दोघं जोडीनं पत्रे ठोकायचो. गाव वडूजकडचं, काम मिळेल तिथलं. तेव्हा सांगलीत गुळाच्या एका गोदामाचं छप्पर करत होतो. माझा जोडीदार हातानं कारागीर, पण जीव सगळा आखाड्यात. आणि पुढच्याच आठवड्यात गावच्या जत्रेत त्याची शेवटची कुस्ती ठरली होती, म्हणजे मैदानातली सगळ्यात मोठी! समोर आष्ट्याचा मल्ल. त्याची पाठ कुणीच मातीला लावली नव्हती. लढणार हा, आणि झोप माझी उडालेली.

छपरावर दुसरा विषयच नसायचा. बोल्ट पिळता पिळता डाव आणि त्यावरचे प्रतिडाव. मुकादम खालून ओरडायचे, "आरं पैलवान, कमरंला दोर बांध की!"

"आवं, दोर बैलाला बांधत्यात," हा वरून म्हणायचा, आणि आम्ही खदाखदा हसायचो.

त्या सकाळी तो छपराच्या अगदी कडेला, बाहेर पाठ करून उभा होता. पत्रा आपल्याकडे ओढत होता. पत्र्यावर दव होतं. पत्रा हातातून निसटला आणि गडी मागच्या मागे गेला! खाली रिकाम्या पोत्यांचा हा एवढा ढीग. मला वाटलं, वाचला. पाठीवर पडेल, धूळ झटकून उठेल.

पण हा पठ्ठ्या हवेत फिरला! माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय. खाली सापडलेला पैलवान जशी कूस बदलतो, तशी त्यानं अधांतरी कूस बदलली. पालथा होऊन ढिगाच्या कडेवर आदळला, तिथून घसरला आणि उजवा हात खालच्या फरशीवर आपटला. कडकन झालेला आवाज मला छपरावर ऐकू आला.

शिडी कशी उतरलो, माहीत नाही. हमाल गोळा झाले होते. हात कोपरापाशी भलतीकडेच वळलेला, तोंड पांढरंफटक. मला बघून त्यानं पहिलं विचारलं, "गड्या, पाठ लागली का रं?"

"न्हाई!" मी ओरडलो. "न्हाई लागली! पालथा पडलायस तू!"

तेव्हा कुठे त्यानं डोळे मिटले. हमालांतल्या एकानं चक्क शिट्टी मारली. हातगाडीवरून त्याला दवाखान्यात नेताना आम्ही भेटेल त्याला सांगत सुटलो, हवेत फिरला, हवेत! दवाखान्यात मात्र डॉक्टर म्हणाले, हात कामापुरता बरा होईल, कुस्ती विसरा. 

जत्रेला तो गळ्यात हात अडकवून आला. हलगी कडाडली. त्याच्या जागी दुसराच गडी उतरला. सलामीआधी आष्ट्याचा मल्ल कडेला आला आणि त्यानं, समोर लढणाऱ्या गड्याला देतात तशी, आखाड्याची मूठभर माती याच्या डाव्या हातात दिली. सगळं मैदान उठून ओरडायला लागलं. माझं मात्र डोकं फिरलं.

"आरं, गप पोत्यांवर पाठ टेकली असतीस, तर आज तूच असतास की रं तिथं!"

त्यानं मूठ सोडली नाही. हलगीत ऐकू यावं म्हणून माझ्या कानाशी वाकला.

"व्हय गड्या. पन पाठ लागल्यावर कुठल्या तोंडानं उतरलो असतो?"