आण्णांचा भरलेला इनबॉक्स

काल गुळाच्या ढेपेचं फडकं सोडलं आणि त्या गोड, किंचित जळकट वासानं मला थेट आण्णांच्या शाहूपुरीतल्या पेढीवर नेलं. आण्णा मूळचे गडहिंग्लजचे, गुळाचे व्यापारी. मी तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करत मोपेडवरून कोल्हापूरभर फिरायची.

अमेरिकेतल्या लेकीनं, गौरीनं, आण्णांना फोनवर सांगितलं होतं, बाळाचा फोटो मेल केलाय. पण त्यांच्या मेलच्या प्रोग्राममध्ये काही उतरतच नव्हतं. मी पाहिलं, तर इनबॉक्स काठोकाठ भरलेला. लेकीनं आजवर पाठवलेला एकही फोटो त्यांनी काढून टाकला नव्हता.

"आधी आलेला माणूस म्हणाला, समदं पुसाय लागतंय," आण्णा म्हणाले.

"एकबी मेल जाणार न्हाय, आण्णा."

मला खात्री होती. आधी सगळ्याची सीडीवर नक्कल काढली. मग वर्षवार फोल्डर करून जुने मेल तिकडे हलवले, इनबॉक्स मोकळा केला. नवा मेल आला.

फोटो वरून खाली सावकाश उघडत गेला. काळंभोर जावळ, कपाळ, मिटलेले डोळे.

"नाक आमच्या गौरीचं हाय की," आण्णा हळूच म्हणाले.

तेव्हा वाटलं, मी मशीन दुरुस्त केलं. आज माझी लेक परदेशात आहे आणि तिचा साधा 'पोचले' एवढा निरोपही माझ्याच्यानं पुसवत नाही.

त्या दिवशी मी निघाले, तसं आण्णांनी थांबवलं. "हिच्यासाठी आत्ताच एक फोल्डर करून ठेव, पोरी."

"नाव काय देऊ?"

"बारसं व्हायचंय अजून. नुसतं नात लिही."

मी इंग्रजी अक्षरांत 'नात' लिहिलं आणि तो एकुलता फोटो त्यात ठेवला.