भोपळ्याला लावलेलं सलाईन

लिवल्यालं खरं हाय का न्हाई हे बघितल्याबिगर पाण्याचा घोटसुदिक घेणार न्हाई, अशी बाई आख्ख्या बीड जिल्ह्यात एकच जल्माला आली, आन् ती नेमकी आमच्या घरात निघाली. माझ्या धाकल्या दिराची लेक. पुण्याला शिकली, तिथंच नोकरी लागली, मंग कंपनीनं घरून काम करा म्हणलं तवा वडवणीला माझ्याकडं राहायला आली. काम काय, तर सॉफ्टवेअरसंगं ते कसं वापरायचं त्याचं पुस्तक येतं, ते पुस्तक खरं बोलतं का लबाड बोलतं ते तपासायचं. तेबी स्वता न्हाई. तिनं कम्प्युटरमधी एक प्रोग्राम करून ठिवला व्हता. तो रोज सकाळी पुस्तक उघडायचा, कोणत्या ओळीला काय करायचं ते तिनं शिकवलं व्हतं तसं करून बघायचा, जमलं तर हिरवी खूण, फसलं तर लाल. मी इचारलं, सगळं त्योच करतो तर तुला पगार कशाचा? तर म्हणली, "मोठीआई, लाल खूण आली की कुणाशी तरी भांडावं लागतं, त्याचा."

त्या कामाचा कायदा एकच, लिवलंय तेवढंच करायचं, आपली अक्कल मधी घालायची न्हाई. बरं, कायदा कामापुरता ठेवावा ना. एकदा उपम्याचं पाकीट आणलं, त्यावर दीड वाटी पाणी घाला म्हणून लिवलं व्हतं. आता वाटी म्हणजे वाटी. पण हिनं घरातल्या सगळ्या वाट्या खाली काढल्या, त्या निघाल्या पाच मापाच्या, आन् पाच उपमे झाले. एक प्यावा लागला, एक बत्त्यानं फोडावा लागला, आन् उरल्याले तीन शेजारणीच्या म्हशीला घातले तर तिनं तोंड फिरवलं. पुण्याच्या ट्रॅव्हल्सची तिकिटं देणाऱ्या टपरीवर गाडी सव्वा दहाला म्हणून बोर्ड व्हता. ही तीन दिवस फोनात घड्याळ बघत तिथं उभी. टपरीवाला शेवटी बेजार होऊन म्हणला, "ताई, तो बोर्ड हाय, गाडी न्हाई." चौथ्या दिवशी त्यानं खडूनं बोर्डावर 'अंदाजे' लिवलं. त्या दिवशी ही एक भाकर जास्ती जेवली.

लग्नाला तर हिला न्यायची सोयच न्हाई. चौसाळ्याला आमच्या भावकीत लगीन व्हतं. पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा, आन् खाली 'कृपया आहेर आणू नये'. मी लुगडं पिशवीत घातलं तर हिनं ते काढून परत पेटीत ठिवलं. आमी बारा वाजता मांडवात, नवरदेव आला पावणेदोनला. तवर मंडपवाल्यानं हिला आपलंच माणूस समजून खुर्च्या मांडायला लावल्या, आन् हिनं मांडल्या. मंग आहेराची येळ आली. सगळ्या बाया पिशव्या घेऊन रांगंत, आन् मी हात हलवत. नवरीच्या मामीनं माझ्याकडं असं बघितलं की मी पान अर्धं सोडून उठले. गाडीत मी हिला लई बोलले. ती शांतपणी म्हणली, "मंग छापलं कावून?"

माझं शिक्षण दुसरी, तेबी अर्धं. शाळा गावात आन् आमी आईबापासंगं उसाच्या तोडणीला. लगीन झालं तरी हातातला कोयता सुटला न्हाई. थोरली लेक तीन वर्साची असताना फडावर तापानं फणफणली. मुकादमानं औषदाची बाटली आणून दिली. किती पाजायचं ते बाटलीवर लिवलं व्हतं, पण आमच्या पाचटाच्या झोपड्यांत, आठ कोप्यांत वाचणारं एक माणूस नव्हतं. मी अंदाजानं पाजलं. चौथ्या दिवशी ती गेली. औषदानं गेली का तापानं, मला ठावं न्हाई, मी कुणाला इचारलंबी न्हाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात उभी राहिले, गाडी भरायची व्हती. हे मी पुतणीला एकदाच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन आली आन् मला अक्षरं शिकवायला बसली. तवापसून मी वाचते, पण बोट ठेवून. एक ओळ वाचायची, ती उमगली की मंगच बोट खाली.

मागच्या साली तिच्याकडं दवाखान्याचं काम आलं. सलाईनमधून औषद मोजून सोडायचं यंत्र, त्याचं सॉफ्टवेअर, आन् त्याचं मराठी पुस्तक. आठ दिवस सगळ्या खुणा हिरव्या. शुक्रवारी संध्याकाळी साहेबाला फोन करून 'छापा' म्हणायचं, एवढंच राहिलं व्हतं. साहेबानं आधीच ताकीद दिली व्हती, बारीकसारीक कारणावरून लई पुस्तकं अडवलीस, आता बिनाकारण अडवलं तर तुझ्या जागी दुसरं माणूस बघू. आन् ही दुपारपसून अंगणात येरझाऱ्या घालती. मी म्हणलं, समदं हिरवं हाय, मंग तोंड कावून उतरलं? म्हणली, "यंत्राला कळलं गं. दवाखान्यातल्या बाईला कळंल का?"

मंग तिनं मलाच बसवलं. बाजेवर एक दुधी भोपळा निजवला, त्याला सुई खुपसली, अंगावर माझी शाल टाकली. म्हणली हा पेशंट. यंत्राच्या जागी कम्प्युटरचा पडदा, आन् एक खरी नळी. पुस्तक माझ्या मांडीवर. मी बोट ठिवलं. नळी सुईला जोडा. जोडली. पडद्यावरचं 'सुरू' दाबा. दाबलं. बोट खाली घेतलं, तर पुढची ओळ, 'सुरू' दाबण्याआधी नळीतली सगळी हवा काढलेली असावी.

ती भोपळ्याकडं बघत राहिली. म्हणली, "मोठीआई, नसंत हवा गेली. तुमचा पेशंट गेला." मला अहोजाहो ती तवाच करायची, जवा लई घाबरायची. मी म्हणलं, बाई, मी लिवलंय तसंच केलं. "तेच तर," म्हणली, आन् पळत जाऊन प्रोग्राम उघडला. तर काय, प्रोग्रामला शिकवताना हिनं हवा काढायचं आधी घातलं व्हतं. पुस्तकात ते मागून व्हतं. हिला ते ठावं व्हतं, म्हणून हातानं आपसूकच झालं. ती खाली बसली आन् चोरी कबूल केल्यावाणी म्हणली, "मी माझी अक्कल घातली."

तशीच उठून तिनं फोन लावला आन् पुस्तक छापू नका म्हणून सांगितलं. साहेबाचा आवाज मला ओसरीपोत्तर ऐकू येत व्हता. आठ दिवस हिरवं आन् आता न्हाई कसं? तर हिनं सांगितलं, माझ्या मोठ्या आईनं वाचलं. साहेब म्हणला, तुझी आई काय नर्स हाय? तवा ती एकदम हळू बोलली. "सर, नर्स दमल्यावर अशीच वाचते." तिकडून फोन आपटला.

तीन दिवस फोन न्हाई. तिनं कंपनीचा कम्प्युटर पुसून खोक्यात भरला. मी काही समजूत घातली न्हाई, चहा तेवढा करत राहिले. चौथ्या दिवशी साहेबाचा फोन आला. त्यानं घरी आपल्या आईला ते पान वाचायला दिलं व्हतं. तिनंबी आधी 'सुरू' दाबलं. पुस्तकातल्या दोन ओळी खालवर झाल्या, आन् वर कंपनीनं नेम केला की हिरव्या खुणा आल्या तरी पुस्तक एका बोट ठेवून वाचणाऱ्या माणसाच्या हातून जाईल. ते काम बसवायला तिला पुण्याला बोलावलं. दर गुरुवारी तिचा फोन यायचा. मी फोनावर ओळ वाचायची आन् काय करीन ते सांगायचं.

मागच्या महिन्यात एक चूक माझ्या हातून निसटली. तिनं ती मुद्दाम ठिवली व्हती. मी ओळ संपायच्या आतच खालची वाचून घेतली आन् दोन्हीचा मेळ घालून टाकला. ती म्हणली, "मोठीआई, तुला वाचता यायला लागलं. आता तू माझ्या कामाची राहिली न्हाईस." हसत म्हणली. त्या दिवशी मी फोन लवकर ठिवला.

पलीकडच्या गल्लीत एक म्हातारी हाय, तिनं नुकतीच अक्षरं धरलीत. पुतणीला ती मीच गाठून दिली. आता गुरुवारी फोन तिच्याकडं येतो. मी तिच्या शेजारी जाऊन बसते. ती ओळीखाली बोट ठिवते, अडकते, मागं जाते, पुन्हा लावते. खालची ओळ मला दिसत असते, पण मी सांगत न्हाई.