न पाहता म्हटलेलं ‘खाली’

मडावी काका गेल्याचं मला आठव्या दिवशी कळलं, तेही देवरीच्या बसस्टँडवर बंदोबस्ताला उभी असताना. सोबतचा जुना शिपाई सहज बोलून गेला, "आपले मडावी काका गेले नं जी मॅडम. झोपीतच गेले. तुमाले मालूम नसन?" मालूम नव्हतं. दोन वर्षं आमचं बोलणंच नव्हतं, मग कळवणार कोण? मी नुसतं "हो का" म्हटलं आणि ट्रकवाल्यांना हात दाखवत राहिले...

मी केशोरीकडची. धानाच्या बांधीत वाढलेली, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली. फौजदाराची परीक्षा पास झाले तेव्हा बाबांनी गावभर सांगितलं होतं, आणि तो ताठा अंगात घेऊनच मी देवरीच्या या ठाण्यात रुजू झाले. मडावी काका इथले हवालदार. हत्यारांची खोली त्यांच्या ताब्यात. पहिल्याच आठवड्यात मी माझं पिस्तूल सफाईसाठी त्यांच्याकडे घेऊन गेले आणि मला सगळं येतं हे दाखवायला खटकन स्लाइड मागे ओढली. एक काडतूस उडून टेबलावर पडलं. काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, नळ चालू ठेवून बालटी खाली करता का तुमी?" मॅगझिन आतच होतं. म्हणजे एक काडतूस बाहेर आलं आणि लगेच दुसरं चेंबरमध्ये जाऊन बसलं. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड. ट्रेनिंगमध्ये शिकलेच होते, पण ताठ्यात विसरले.

त्यांची सफाई म्हणजे पूजेसारखी. खिडकीजवळचं टेबल, त्यावर जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं, बाजूला रेतीची पेटी. मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून अडकवायची, चेंबरमध्ये पाहायचं, आणि मग... शेजारच्याला दाखवायचं. त्याने पाहून मोठ्याने ‘खाली’ म्हणायचं. खाली, म्हणजे रिकामं. त्यानंतरच पिस्तुलाचं तोंड रेतीकडे करून घोडा दाबून बघायचा आणि मग एकेक भाग सुटा करायचा. स्लाइड, स्प्रिंग, बॅरल असे ओळीने मांडून, ब्रश मारून, बोटभर चिंधीने तेल पुसायचं. दुसरा माणूस नसेल तर काका हत्यार उघडतच नसत. चहा घेऊन आलेल्या शिपायालाही थांबवत, आणि त्याने घाईत ‘खाली’ म्हटलं तर विचारत, "पायलं का नुसतंच बोलला?" एकदा मी चिडून म्हटलं, "काका, मी ग्रॅज्युएट आहे. रिकामं आणि भरलेलं मला कळत नाही का?" ते म्हणाले, "डिग्री पाहून गोळी थांबते का जी?" आणि रुमालात बांधून आणलेली टेंभरं, तेंदूची पिकली फळं, पुढे केली. "घ्या, खा. राग आला का गोड खावं."

तीन वर्षं मी त्यांच्याजवळ शिकले. आणि त्या तीन वर्षांत एक वाईट सवय लागली. मडावी काकांनी पाहिलंय म्हणजे पाहिलंय, असं मी समजू लागले. इतक्या मोठ्या माणसाचं काम परत तपासायचं, हे उद्धटपणाचं वाटायचं. ते पिस्तूल पुढे करत, मी त्यांच्या तोंडाकडे बघून ‘खाली’ म्हणत असे.

एका सकाळी लाइट गेली होती, खोलीत अंधूकच होतं. काकांनी ठाण्याचं एक जुनं पिस्तूल घेतलं, मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, पाहिलं, माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, खाली. त्यांनी रेतीकडे तोंड करून घोडा दाबला, आणि खोली हादरली. काडतूस बाहेर ओढणारा आकडा झिजला होता, ते आतच अडकून राहिलेलं. गोळी रेतीत गेली, कोणाला काही झालं नाही. काका पिस्तूल खाली ठेवून दोन्ही हातांनी डोळे चोळत बसले. तेव्हा मला समजलं, त्यांना दिसत नव्हतं. मोतीबिंदू होता, आणि हत्यारांच्या खोलीची किल्ली हातून जाईल म्हणून वर्षभर त्यांनी तो लपवला होता.

"तुमी खोलीत नव्हत्या," ते हळूच म्हणाले. "मी एकटाच होतो. असंच लिवाचं."

"काऊन? मी होती ना."

"तुमची सारी नोकरी बाकी हाये. माहे चार महिने राह्यले. मले काय होते?"

रिपोर्टमध्ये मी खरं तेच लिहिलं. मी न पाहता ‘खाली’ म्हटलं, हे लिहिलं. त्यांना दिसत नाही, डोळे तपासावेत, हेही लिहिलं. मला ताकीद मिळाली. त्यांची किल्ली दुसऱ्याकडे गेली आणि शेवटचे चार महिने त्यांनी गेटवर काढले. मी गेटमधून गेले की सॅल्यूट करत, बोलत नसत. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ घेतलं, सगळ्यांना हात जोडले, माझ्याकडे पाहिलं नाही... पहिलं वाक्य लिहिल्याचं मला आजही बरं वाटतं. दुसरं लिहायलाच हवं होतं. पण आधी त्यांच्याजवळ बसून बोलायला हवं होतं, ते मी केलं नाही.

बंदोबस्त संपला तशी वर्दीतच त्यांच्या गावी गेले. काकूंनी पाणी दिलं. मी म्हटलं, "काकू, काका माझ्यावर रागातच गेले."

"राग कायचा जी?" काकू म्हणाल्या. "लाज वाटे त्याईले. पोरीले आपल्यापायी ताकीद भेटली, म्हणत. डोळ्याचं आपरेशन झालं, मंग देवरीले दवाखान्यात जात, तवा तुमच्या ठाण्यासमोरच्या टपरीवर बसून राहत. आत जा म्हटलं तर जात नोहते. घरी येऊन सांगत, मॅडम बऱ्या हायेत, बारीक झाल्या. होल्स्टरचं बटन लावत नाई, कोनी सांगत नाई वाटते तिले."

माझा हात कमरेकडे गेला. बटण उघडंच होतं. काकूंसमोर, मान खाली घालून, मी ते लावलं.