हळदीच्या डॉक्टर मॅडम

मित्र भेटले की म्हणतात, तुझ्या ऑफिसातलं काहीतरी सांग. त्यांच्या ऑफिसात काम होतं, त्यामुळे सांगण्यासारखं फार उरत नाही. आमच्याकडे नेमकं काय होतं हे मला अजून कळलेलं नाही, पण किस्से एवढे साठलेत की एक सांगायला घेतला की बाकीचे पुढे घुसतात.

हिंगोलीत टायरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. एसी एकच, तो सरांच्या केबिनमध्ये. आम्ही वेबसाइटसाठी मराठी लेख लिहितो. ते कोणी वाचावेत अशी अपेक्षा नसते. माणसानं मोबाइलवर काहीतरी शोधावं, आमच्या पानावर येऊन पडावं, जाहिराती बघाव्यात आणि वैतागून निघून जावं, एवढाच हेतू. अशा माणसाला आमच्याकडे 'व्हिजिटर' म्हणतात. लिहिणारे दोघं, मी आणि वंदना खिल्लारे. मालक, संपादक आणि मार्गदर्शक म्हणजे जाधव सर. त्यांनी आयुष्यात एक सलग परिच्छेद लिहिलेला मी पाहिलेला नाही.

वंदना नरसीहून रोज एसटीनं येते. मराठीत एम.ए. आहे. तिची एकच इच्छा होती, लेखाखाली आपलं नाव यावं आणि ते आईला दाखवावं. कारण आईच्या मते पोरगी हिंगोलीला जाऊन दिवसभर मोबाइल बघते आणि बिनडोक लोक तिला त्याचा पगार देतात. यातलं दुसरं तरी अगदीच चूक नाही.

०००

माझी मुलाखत झाली ती अशी. सरांनी शिक्षण विचारलं नाही. म्हणाले, "उद्या शाळेला सुट्टी आहे का, यावर लेख लिही." मी दोन ठिकाणी फोन केले आणि लिहिलं, 'उद्या शाळेला सुट्टी नाही.'

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या डब्यातली भाजी सांडली. मग समजावून सांगितलं. आधी पाऊस कसा पडतोय ते लिहायचं. मग सुट्टी म्हणजे काय, मुलांना ती का आवडते, पालकांत संभ्रम का पसरलाय. प्रत्येक परिच्छेदात 'उद्या शाळेला सुट्टी' हे शब्द आलेच पाहिजेत. आणि उत्तर तळाला, शेवटच्या जाहिरातीखाली. वर दिलं तर माणूस खाली कशाला येईल?

मी पानभर पाऊस पाडला आणि तळाला लिहिलं, 'अद्याप कोणताही निर्णय झालेला नाही.' नोकरी पक्की! मथळा सरांनी स्वतः दिला, 'उद्या शाळेला सुट्टी? मोठा निर्णय!'

दुसऱ्या दिवशी सरांचाच मुलगा शाळेत गेला नाही. वहिनींनी मथळ्याच्या पुढे वाचलं नव्हतं.

०००

मग सरांना प्रवासाचं वेड लागलं. म्हणजे प्रवासावरच्या लेखांचं. 'वारंगा फाट्यावरची सर्वोत्तम हॉटेलं' लिहायचं ठरलं. मी म्हटलं, जाऊन तिथली नावाजलेली खिचडी तरी खाऊन येतो. सर म्हणाले, "जायचं काय काम? नकाशात नावं आहेत, उचल."

मी उचलली. आता 'अन्नपूर्णा' नावाचं दुकान पंक्चरचं असेल हे मला इथं बसून कसं कळणार? त्याला मी चौथा नंबर दिला, साडेचार तारे दिले, आणि 'घरगुती चव, कुटुंबासह बसण्याची उत्तम सोय' असं लिहून मोकळा झालो.

आठवड्याभरात त्या दुकानदाराचा फोन आला. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होतो. पण माणूस फार अदबीनं बोलला. "साहेब, तारे दिले ते ठीक हाय. पन आमी काय काय बनवतो ते बी लिहिलं असन ना? लोकं गाडीतून उतरून मागून राहिले, आमाला बराबर सांगता येईना."

आज त्याच्याकडे जॅकच्या शेजारी खिचडीचं पातेलं असतं. सर ही आमच्या लेखणीची ताकद म्हणून पाहुण्यांना सांगतात.

०००

राशिभविष्य मी लिहितो. खाली नाव असतं एका आचार्यांचं. हे आचार्य सरांनीच जन्माला घातले, त्यांचा दाढीवाला फोटो सरांनीच कॉम्प्युटरकडून काढून घेतला, आणि भविष्य मी चहा पिता पिता लिहितो हेही सर रोज बघतात.

तरी एकदा त्यांनी नवीन गाडीचा सौदा पुढं ढकलला. कारण काय, तर वृश्चिकेला वाहनयोग नव्हता! तेव्हापासून मी वृश्चिकेला सणासुदीआधी 'हाताखालच्या माणसांना दुखवू नका' असं लिहितो. बोनस वेळेवर मिळतो.

०००

याच सुमारास सर एका ऑनलाइन वर्गाला बसले आणि नवीन ज्ञान घेऊन आले. सर्च इंजिनला आता तज्ज्ञ लागतो म्हणे. कोण लिहितंय, त्याची लायकी काय, हे ते बघतं. मला वाटलं, आता आमचं दुकान बंद. पण सरांनी संध्याकाळपर्यंत तज्ज्ञ तयार केला. पांढरा कोट, चष्मा, हसरा चेहरा, 'डॉ. मधुरा'. आडनाव नाही. मी विचारलं तर म्हणाले, आडनाव दिलं की लोक लेख सोडून आडनाव वाचतात.

तेव्हापासून वंदनाचं सगळं लिखाण डॉ. मधुरांच्या नावावर जाऊ लागलं. केसगळती, बाळाची पहिली अंघोळ, आणि एक दिवस हळद.

बाकीचं आम्ही चार वेबसाइट वाचून पाचवी लिहावी तसं लिहायचो. हळदीचा लेख तिनं कुठंच न बघता लिहिला. तिच्या घरी शेतात हळद असते. कढईतून उपसण्याआधी शिजलेल्या हळकुंडात काडी टोचून कशी बघायची, कडक वाळलेलं हळकुंड मोडताना कसं खट्कन वाजतं, आणि ते न वाजणारं पोत्यात भरलं तर पुढं काय रडायची वेळ येते, सगळं साध्या सरळ बोलीत. वाचताना मला माझ्याच नोकरीची लाज वाटली.

सरांना लेख आवडला नाही, कारण उत्तर दुसऱ्याच परिच्छेदात होतं. पण त्या दिवशी टाकायला दुसरं काही नव्हतं.

लेख असा चालला की विचारू नका. माणसं यायची आणि चक्क थांबून शेवटपर्यंत वाचायची. आमच्याकडे हे कधी घडलंच नव्हतं. सर केबिनमधून बाहेर आले आणि वंदनाच्या टेबलाला टेकून म्हणाले, "वंदना, डॉक्टर मॅडमचं लिखाण जरा बघत जा. किती सोपं लिहितात!"

वंदनानं मान हलवली. दुसरं काय करणार?

०००

पुढं तर कमालच झाली. नरसीत बचत गटाच्या बायका तो लेख मोबाइलला मोठ्यानं वाचायला लावून ऐकू लागल्या. वंदनाची आई त्यांत सगळ्यात पुढे. रोज रात्री जेवताना डॉक्टर मॅडमचं कौतुक. एवढी शिकली-सवरली बाई, पण हळदीतलं बारीकसारीक कसं ठावं हिला? आणि मग वंदनाकडे वळून, "तू बी लिहितीस म्हन्तीस ना? मग शिक काई या बाईपाशी."

मी म्हटलं, अगं सांगून टाक ना, ती बाई मीच म्हणून. वंदना म्हणाली, तोंडी सांगितलं तर आई हसेल. नाव छापून आलं की दाखवीन.

म्हणून ती सरांकडे गेली, सोबतीला मला घेऊन. सरांनी तिला बसवलं, चहा मागवला. चहा मागवला म्हणजे नकार, हे आम्हाला पाठ आहे. म्हणाले, नाव चांगलं आहे गं तुझं, पण खाली वंदना खिल्लारे बघून व्हिजिटरला तज्ज्ञ वाटायला पाहिजे ना. तिनं विचारलं, काहून न्हाई वाटणार? सर चहात साखर कमी आहे म्हणाले.

साखर बरोबर होती. तोच चहा मी पण प्यायलो होतो. सरांना काय म्हणायचं होतं ते आम्हा तिघांनाही कळलं, आणि ते न म्हणता म्हणायची त्यांची जी हातोटी आहे, तिची मला खरोखर किळस आली.

०००

आता डॉ. मधुरांच्या मृत्यूचा किस्सा.

सरांच्या लक्षात आलं होतं की निधनाच्या बातमीला व्हिजिटर धो धो येतात. पण त्या आठवड्यात कोणी मोठं माणूस जाईना. सर अगदी बेचैन. त्यातच गावोगावचे बचत गट फोन करू लागले, डॉक्टर मॅडमना कार्यक्रमाला पाठवा, शाल-नारळ देतो. पाठवायचं कोणाला? सरांनी एका दगडात दोन्ही कामं केली. म्हणाले, मॅडमना आपण संपवू.

आणि निधनाचा लेख लिहायला सांगितला वंदनाला. तुला त्यांची जास्त माहिती आहे, म्हणे! सूचना एकच, मृत्यूचं कारण शेवटच्या जाहिरातीखाली.

वंदनानं अट घातली. लिहिते, पण यापुढं हळदीचे लेख माझ्या नावानं. सरांनी विचार केला. मेलेली बाई लिहू शकत नाही आणि नवी बाई उभी करायची तर पुन्हा फोन येणार. कबूल झाले.

लेख तुफान चालला. सरांनी पेढे वाटले. मयताचे पेढे मी पहिल्यांदाच खाल्ले. खाली श्रद्धांजलीची रांग लागली होती. नरसीच्या बायकांनी तर फोटोची प्रिंट काढून, हार घालून, दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. वंदनाच्या आईनं त्या दिवशी खुरपणीला सुट्टी दिली.

०००

पंधरवडा व्हायच्या आत वंदनाचा लेख आला. हळदीचं बेणं कसं निवडावं आणि कसं साठवावं. खाली ठळक अक्षरांत, 'वंदना खिल्लारे, नरसी'. सरांनी आडनाव गाळून बघितलं होतं, तिनं उभं राहून परत घालून घेतलं. त्या दिवशी ती लवकरची एसटी पकडून घरी गेली. निघण्याआधी माझ्या चार्जरवर मोबाइल चार्ज करून घेतला, वाटेत बंद पडायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी आली, बॅग ठेवली, कॉम्प्युटर लावला. मी विचारलं, आईला दाखवलं का? तिनं सगळं सांगितलं, रोजचे बाजारभाव वाचावेत तशा आवाजात.

आईनं हात धुऊन मोबाइल घेतला होता. लेख वंदनाकडून पूर्ण वाचून घेतला, मधे एकदा बरोबर आहे म्हणून मानही डोलावली. मग खालच्या नावावर बोट ठेवून एकेक अक्षर स्वतः वाचलं. मोबाइल पदरानं पुसून परत दिला आणि म्हणाली,

"अजून त्या बाईची राख थंड न्हाई झाली, वंदे. तिचं लिहिलेलं आपल्या नावावर काहून लावून राहिलीस?"