आस्लेवरचा डाग

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात माझा नवरा आस्ले बोटीवरच्या सगळ्या माणसांसकट बुडाला. दुसऱ्याच दिवशी बोटीचा मालक ब्रेक्कान धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "कप्तान प्यायलेला होता."

आस्ले कॉफीपलीकडे काही पीत नसे. मासळीच्या कोठाराचं झाकण नीट बसत नाही, पाणी आत शिरतं, हे त्यानं ब्रेक्कानला माझ्यासमोर सांगितलं होतं. "मासा आत्ता आहे, आस्ले. झाकण उन्हाळ्यात बघू," हे त्या हरामखोराचं उत्तर.

आमच्या गावच्या पेपरात तोरब्यॉर हाउक्नेस नावाची बातमीदार होती. तिनं माझ्याकडून सगळं ऐकून बातमी लिहिली. संपादकानं ती दाबली.

"खरं असेल गं, पण ब्रेक्कानच्या जाहिराती गेल्या तर पेपर कशावर चालवू?"

"मग बंद करा!" म्हणून तिनं नोकरी सोडली आणि ऑस्लोला जाऊन वकिली शिकली. काही वर्षांनी परतली ती थेट माझ्या दारात. "गुडनी, चल, कोर्टात जाऊ."

गेलो आणि हरलो. बोट बंदरातून निघाली की जबाबदारी कप्तानाची, असा कायदाच होता, आणि कप्तान प्यायलेला होता हे ब्रेक्कानचं म्हणणं निकालात तसंच राहिलं. बाहेर पडताना ब्रेक्काननं आमच्यासाठी अदबीनं दार धरलं. "वकीलबाई, कायद्यापुढे कुणाचं काय चालतं?"

"कायदा माणसंच करतात," तोरब्यॉर म्हणाली आणि निवडणुकीला उभी राहिली. मी घरोघर फिरून तिच्यासाठी मतं मागितली. निवडून आली. पक्षाचे पुढारी गप्प बस म्हणत असताना तिनं विधेयक रेटलं: बोट नादुरुस्त असेल तर जाब मालकानं द्यायचा. मंजूरही झालं. पण थोडी मतं कमी पडत होती, म्हणून त्यात एक वाक्य घुसवलं गेलं. जुन्या खटल्यांना हा कायदा लागू नाही. तिनं ते कबूल केलं होतं.

हे सांगायला ती माझ्या स्वयंपाकघरात आली.

"म्हणजे माझा आस्ले दारुडाच राहिला?"

"कोर्टाच्या कागदावर, हो. नाहीतर विधेयकच पडलं असतं."

तिच्यासाठी ओतलेली कॉफी मी मोरीत फेकली. "चालती हो!" ती गेली. पुढच्या निवडणुकीत पक्षानं तिचं तिकीट कापलं. मला वाईट वाटलं नाही.

मग एका हिवाळ्यात माझा जावई ब्रेक्कानची बोट काढायला नाही म्हणाला. पंप बिघडला होता. ब्रेक्कान तोंडाला येईल ते बोलला, पण मेकॅनिक त्याला पाठवावाच लागला. त्या संध्याकाळी लेकीच्या घरी जावई जेवायला बसलेला बघून मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मी तोरब्यॉरला तिच्या वकिलीच्या ऑफिसात गाठलं. "कायदा चांगला केलास. पण तुला माफ केलेलं नाही."

"करू नकोस," ती म्हणाली. "मलाही ते जमलेलं नाही."

ब्रेक्कान अजून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो. मी मुद्दाम त्याच्या मागेच बसते, आणि पाद्री समुद्रात गेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणू लागला की आस्लेचं नाव मोठ्यानं घेते.